वस्तीतल्या रस्त्यावरचा वेग: अभियंता गतिरोधकाला 'नाही' का म्हणतो आणि मग काय मागावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याच्या पश्चिम उपनगरातल्या आपल्या वसाहतीतून जाणारा सुमारे ९ मीटर रुंद आणि ४०० मीटर लांब रस्ता हल्ली मुख्य रस्त्यावरचा सिग्नल चुकवण्यासाठी वापरला जाऊ लागला आहे. रस्त्याच्या एका टोकाला प्राथमिक शाळा आहे. सोसायट्यांनी मिळून पाच गतिरोधकांची मागणी केली. क्षेत्रीय कार्यालयातल्या बैठकीत कनिष्ठ अभियंत्याने 'नियमात बसत नाही' एवढे सांगून विषय संपवला. त्याच बैठकीत आपल्यातल्याच काही ज्येष्ठ नागरिकांनी कंबरदुखीचे कारण देऊन गतिरोधकांना विरोध केला, आणि वाद रहिवासी विरुद्ध महापालिका असा न राहता शेजारी विरुद्ध शेजारी असा झाला. अभियंत्याचे म्हणणे खरे आहे का आणि आता पुढे काय करावे, असे आपण विचारले आहे.

रस्ते आणि वाहतूक अभियांत्रिकीत मी २७ वर्षे काम केले आहे. त्यातली पहिली ११ वर्षे एका महापालिकेच्या पथ विभागात, म्हणजे टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत गेली आणि उरलेली सल्लागार म्हणून. अभियंत्याचे म्हणणे खोटे नव्हते. मात्र आपण एक वस्तू मागितली आणि त्याने ती वस्तू नाकारली. रस्त्यावर आज वेग किती आहे, तो किती असायला हवा आणि तो कोणामुळे वाढतो, याची चौकशी त्या बैठकीत कोणीच केली नाही. ती आधी झाली असती, तर कंबरदुखीचा मुद्दाही कदाचित निघाला नसता.

प्रथम नियमांविषयी. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी:९९ या क्रमांकाची पुस्तिका १९८८ साली गतिरोधकांसाठी तात्पुरती मार्गदर्शिका म्हणून निघाली आणि २०१८ साली तिची सुधारित आवृत्ती शहरी व ग्रामीण भागांतल्या वेगनियंत्रणाच्या सर्वच उपायांना कवेत घेऊन आली. मूळ पुस्तिकेच्या शीर्षकातच 'दुय्यम रस्ते' असा उल्लेख आहे, म्हणजे मुख्य रस्त्यांवर गतिरोधक अपेक्षितच नव्हते. तिच्यात दिलेला गोलाकार गतिरोधक वाहनाच्या दिशेने ३.७ मीटर लांब, मध्यावर १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येच्या कमानीचा असतो, आणि तो ताशी २५ किलोमीटरच्या आसपास वेगाने सुखाने ओलांडता येतो. हे आकडे एकमेकांशी जुळतात का, हे शाळेतल्या भूमितीनेही पडताळता येते: ३.७ चा वर्ग १३.६९, त्याला १७ च्या आठपटीने म्हणजे १३६ ने भागले की ०.१० येतात. बस आणि ट्रक बऱ्यापैकी असतील तेथे दोन्ही बाजूंना दीड मीटरचा सौम्य उतार जोडायचा असतो. गतिरोधकाच्या ४० मीटर अलीकडे सूचनाफलक, काळे-पांढरे पट्टे, रात्री चमकणाऱ्या खुणा, आणि ओळीने करायचे असल्यास एकापासून दुसऱ्यापर्यंत १०० ते १२० मीटर अंतर, असे ते सगळे प्रकरण आहे. आपल्या ४०० मीटरमध्ये पाच गतिरोधक मागितल्यावर कनिष्ठ अभियंता का अडला, हे यावरून ध्यानात येईल.

आता आपल्या गल्ल्यांमध्ये प्रत्यक्षात काय असते ते पाहा. डांबरीकरण संपता संपता संध्याकाळी डंपरमध्ये थोडा माल उरलेला असतो, कोणीतरी कार्यकर्ता मुकादमाला बाजूला घेतो, दोन मजूर फावड्याने माल रस्त्यावर आडवा ओढतात, रोलर एकदा पुढे आणि एकदा मागे फिरतो, आणि उंचवटा तयार होतो. त्याची लांबी अर्धा-पाऊण मीटर आणि उंची हाताला येईल तेवढी. या दोन वस्तूंना आपण एकच नाव देतो, हीच खरी अडचण आहे. त्यांचा वाहनावर होणारा परिणाम केवळ वेगळा नसून उलटा असतो. लांब, सौम्य कमानीवर वेग जितका जास्त तितका बसणाऱ्याला होणारा त्रास जास्त, त्यामुळे चालक आपोआप वेग उतरवतो. आखूड, उभट उंचवट्यावर मोठी मोटार संथ गेली तर जोरात आदळते. वेगात गेली तर चाके उडून खाली येईपर्यंत स्प्रिंगवरचा मुख्य सांगाडा फारसा हललेलाही नसतो. म्हणजे ज्याला रोखायचे तो निसटतो आणि ज्याने सभ्यपणे वेग कमी केला त्याला दणका बसतो. ब्रिटनच्या परिवहन संशोधन प्रयोगशाळेत वॉट्स यांनी १९७३ साली वेगवेगळ्या लांबी-उंचीचे उंचवटे तपासून जो आकार सुचवला, तोच ३.७ मीटर आणि १० सेंटिमीटरचा. आपल्या पुस्तिकेतही तोच आहे. आपल्याकडच्या ज्येष्ठांची कंबर दुखते ती बहुधा दुसऱ्या प्रकारच्या उंचवट्यामुळे, आणि त्यांची तक्रार मला पूर्णपणे रास्त वाटते.

दुचाकीचे गणित आणखी वेगळे आहे, आणि पुण्यात ते विसरून चालत नाही. मी नोकरीत चौथ्या वर्षात होतो तेव्हाची गोष्ट. एका शाळेजवळ एका मुलाला रिक्षा घासून गेली, दुपारी जमाव कार्यालयात आला, साहेबांनी मला 'आज संध्याकाळपर्यंत करून टाका' असे सांगितले आणि मी ते करून टाकले. फलक नव्हता, रंग दुसऱ्या दिवशी मारायचा ठरला होता. रात्री दहाच्या सुमारास एक जोडपे स्कूटरवरून आले. बाई साडी नेसून एका बाजूला पाय सोडून बसलेल्या होत्या. स्कूटर उडाली, त्या मागे पडल्या आणि त्यांच्या गळ्याजवळचे हाड मोडले. सकाळी टेप घेऊन मोजले तेव्हा उंची १६ सेंटिमीटर भरली आणि लांबी ७०. कागदावर सही माझी होती. तो उंचवटा त्याच दिवशी उखडला, परंतु त्यानंतर मी मापाशिवाय आणि फलकाशिवाय कोणताही गतिरोधक होऊ दिला नाही, आणि त्यासाठी पुष्कळ शिव्याही खाल्ल्या. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९८-अ आले असून रस्त्याच्या रचनेत वा देखभालीत सुरक्षा मानके न पाळल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास जबाबदार यंत्रणेला एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तेव्हा आपला कनिष्ठ अभियंता 'नियम' हा शब्द उच्चारतो तेव्हा तो केवळ टाळाटाळ करतो आहे असे धरून चालू नये. टाळाटाळही असते, पण ती पुढच्या वाक्यात ओळखू येते: 'मग नियमात काय बसते?' असे विचारल्यावर तो फाइल बंद करतो की पुस्तिका उघडतो, यावरून.

पुढच्या बैठकीला जाण्याआधी मोजमाप करा. त्यासाठी कसलेही यंत्र लागत नाही. रस्त्याच्या सरळ भागात, वळणापासून आणि फाटकांपासून दूर, टेपने बरोबर ५० मीटर मोजून दोन्ही टोकांना ऑइलपेंटने रेघ मारा. खडूची रेघ दुपारपर्यंत टिकत नाही. वाहनाचे पुढचे चाक पहिल्या रेघेवर आले की मोबाइलमधले स्टॉपवॉच सुरू आणि दुसऱ्या रेघेवर बंद. ५० मीटरला ६ सेकंद लागले तर वेग ताशी ३० किलोमीटर, साडेचार सेकंदांना ४० आणि ३.६ सेकंदांना ५०. हाताने मोजताना पाव सेकंद इकडे-तिकडे होतोच, आणि ५० च्या वेगाला त्यामुळे तीन-चार किलोमीटरचा फरक पडतो. आपल्या कामाला तेवढी अचूकता पुरते. मात्र उभे राहताना फ्लुरोसंट जाकीट घालून रस्त्यात उभे राहू नका. आपल्याला पोलीस समजून लोक वेग कमी करतात आणि सगळे आकडे खोटे ठरतात. झाडाआड किंवा सोसायटीच्या भिंतीआड उभे राहा.

अशा १०० वाहनांच्या नोंदी घ्या, दुचाकी आणि चारचाकी वेगळ्या, आणि त्या चढत्या क्रमाने लावा. ८५ व्या नोंदीचा जो वेग येतो त्याला आम्ही ८५ व्या शतमकाचा वेग म्हणतो आणि निर्णय सरासरीवर नव्हे, त्यावर घेतो, कारण वस्तीतल्या रस्त्यावर भीती सरासरी चालकाची नसते. शाळा सुटण्याची वेळ, संध्याकाळची गर्दीची वेळ आणि रात्री साडेदहानंतरची वेळ अशा तिन्ही वेळा घ्या. माझ्या अनुभवात रात्रीचे आकडे रहिवाशांना धक्का देतात आणि गर्दीच्या वेळचे आकडे बहुधा त्यांच्या तक्रारीपेक्षा कमी निघतात. एखादी गाडी जवळून गेली की ती ६० ने गेली असे वाटते. मोजली की ३८ भरते. शक्य असेल तर एका दिवशी कनिष्ठ अभियंत्यालाच बोलावून एक स्टॉपवॉच त्याच्या हातात द्या. स्वतः घेतलेल्या नोंदीवर तो शंका घेत नाही.

दुसरे मोजमाप आडवाटेच्या वाहतुकीचे. रस्त्याच्या दोन्ही टोकांना एकेक जण बसवा आणि अर्धा तास प्रत्येक वाहनाच्या क्रमांकातले शेवटचे चार आकडे आणि वेळ लिहून घ्या. ४०० मीटर अंतर ताशी २० किलोमीटरने ७२ सेकंदांत संपते. तेव्हा जे वाहन एका टोकाला दिसून दोन मिनिटांच्या आत दुसऱ्या टोकाला दिसले, ते आपल्या वसाहतीत कोणाकडे आलेले नाही. हे प्रमाण कळल्याशिवाय कोणताही उपाय सुचवू नये असे मी मानतो, कारण वेग आणि वर्दळ हे दोन आजार आहेत आणि एकाचे औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. पुष्कळदा असे आढळते की वेगाने जाणारे निम्मे लोक आपल्याच सोसायट्यांमधले असतात. तसे निघाले तर ते बैठकीत सांगायचे धैर्य ठेवा. अधिकाऱ्यांचा विश्वास त्याने जितका वाढतो तितका निवेदनावरच्या तीनशे सह्यांनी वाढत नाही.

मुळात ३० हाच आकडा का, असा प्रश्न बैठकीत कोणीतरी विचारणारच. त्याचे उत्तर थांबण्याच्या अंतरात आहे. मूल चेंडूमागे धावत आले, हे दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला आणि कोरड्या रस्त्यावरचे साधारण ब्रेक धरले, तर ताशी ३० ने चाललेली मोटार सुमारे १९ मीटरमध्ये थांबते आणि ५० ने चाललेली सुमारे ४० मीटरमध्ये. म्हणजे पहिली गाडी जेथे पूर्ण थांबली, तेथे दुसऱ्या गाडीचा पाय अजून ब्रेकवर पडायचाच असतो. सरासरी वेग एक टक्का वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका चार टक्के वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. फेब्रुवारी २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात माणसे आणि वाहने जेथे मिसळतात तेथे ३० ची मर्यादा असावी, असे देशांनी मान्य केले. आपल्याकडे मात्र केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार महापालिका हद्दीत मोटारींना ७० पर्यंतची कमाल मर्यादा आहे. राज्य शासन किंवा त्याने अधिकार दिलेली यंत्रणा ती मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ खाली कमी करू शकते. आपल्या गल्लीत असा कमी मर्यादेचा फलक नसेल, तर ५० ने जाणारा माणूस कायद्याच्या दृष्टीने निर्दोष ठरू शकतो, हे लक्षात घ्या आणि फलकाची मागणी पहिल्या पत्रातच करा. नुसत्या फलकाने फारसे होत नाही, हेही तितकेच खरे.

उपायांकडे येतो. शाळेच्या फाटकासमोर गतिरोधक मागण्याऐवजी उंचावलेली पादचारी ओलांडणी मागा. आमच्याकडे तिला सर्रास 'टेबल-टॉप' म्हणतात. पदपथाच्या पातळीच्या जवळपास आणलेला, वरून सपाट आणि दोन्ही बाजूंना मापाचा उतार असलेला हा पट्टा वाहनाला गतिरोधकासारखाच रोखतो, पण मुलांना आणि काठी घेऊन चालणाऱ्यांना खाली-वर न उतरता रस्ता ओलांडता येतो. कंबरदुखीवाल्या ज्येष्ठांचा विरोध या एका बदलाने मावळलेला मी दोन-तीन ठिकाणी पाहिला आहे, कारण तोपर्यंत गतिरोधक ही मोटारीतून जाणाऱ्याला भोगावी लागणारी शिक्षा होती आणि आता ती पायी चालणाऱ्याला मिळालेली सोय झाली.

दुसरा उपाय कोपऱ्यांचा. मुख्य रस्त्यावरून आपल्या रस्त्यात शिरतानाचा कोपरा बहुधा मोठ्या वळणाचा, गोल असतो, त्यामुळे मोटार ३५-४० ने आत शिरते आणि पुढे तोच वेग धरते. तो कोपरा आवळला, पदपथ थोडा पुढे आणला, की गाडीला जवळजवळ काटकोनात वळावे लागते आणि वेग शिरतानाच उतरतो. ओलांडण्याचे अंतरही कमी होते. सुरुवातीला हे बांधकामाने करण्याची गरज नाही, रंग आणि लवचीक खांब पुरतात, आणि अग्निशमन दलाची गाडी वेळ पडल्यास त्यांवरून जाऊ शकते.

तिसरा उपाय कोणाला पटत नाही, म्हणून त्यावर थोडे थांबतो. वेगाची तक्रार करणारे निवेदन मी उघडतो तेव्हा दहातल्या सात-आठ वेळा त्यात आणखी एक मागणी असते: दोन्ही बाजूंचे पार्किंग बंद करा. या दोन मागण्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत. ९ मीटरच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना मोटारी उभ्या असतील तर मध्ये जेमतेम ५ मीटर उरतात आणि समोरून गाडी आली की दोघांनाही हळू व्हावे लागते. ते सगळे पार्किंग उठवले की चालकासमोर सरळ, मोकळे ९ मीटर पसरतात. माझा सल्ला असा की पार्किंग एकाच बाजूला ठेवावे, पण पुण्याच्या पी-१, पी-२ पद्धतीने तारखेप्रमाणे न बदलता दर ६०-७० मीटरवर कायमचे बाजू बदलणारे ठेवावे. मग चालण्याची पट्टी नागमोडी होते आणि लांबवर दिसणारी ती मोकळी सरळ रेषा, जी पाहून पाय ॲक्सिलरेटरवर जातो, ती तुटते. फाटकांसमोर आणि ओलांडणीच्या अलीकडे-पलीकडे जागा मोकळी ठेवायची, कारण दोन मोटारींच्या मधून बाहेर येणारे मूल कोणालाच दिसत नाही. सिमेंट काँक्रीटचे गुळगुळीत रस्ते झाल्यापासून हा प्रश्न अधिक बिकट झाला आहे. पूर्वी खड्डे जे काम फुकट करत होते, ते आता आपल्याला आरेखनाने करावे लागते.

पिवळ्या-काळ्या रबरी पट्ट्या मागू नका. पावसाळ्यानंतर त्यांचे तुकडे निघतात आणि खिळे मात्र रस्त्यात उभे राहतात. रंबलरही, म्हणजे चाके खडखडवणाऱ्या ओळीने आखलेल्या आडव्या जाड पट्ट्याही, घरांजवळ नकोत. ते वेग फारसा उतरवत नाहीत, फक्त चालकाला सावध करतात, आणि तळमजल्यावरचे लोक रात्रभर चाललेल्या त्या आवाजाने महिन्याभरात ते काढण्याचा अर्ज घेऊन त्याच कार्यालयात येतात.

वर्दळ हाच मुख्य आजार निघाला, तर रस्त्याच्या पृष्ठभागावर काहीही केले तरी ती पूर्णपणे हटणार नाही. तेथे वळणबंदी, ठरावीक वेळेची प्रवेशबंदी किंवा चौकात तिरके खांब लावून थेट जाण्याची वाट तोडणे, असे उपाय लागतात, आणि त्यांचा निर्णय एकट्या महापालिकेच्या हातात नसतो, त्यासाठी वाहतूक पोलिसांकडे जावे लागते. एकेरी वाहतुकीचा मोह टाळा. समोरून कोणी येणार नाही याची खात्री झाली की वेग वाढतो. आणखी एक गोष्ट: आपल्या रस्त्यातून हटवलेली वाहने हवेत विरत नाहीत, त्यातली काही शेजारच्या समांतर गल्लीत जातात. त्या गल्लीतल्या लोकांना बैठकीला बोलावले नसेल, तर पुढच्या बैठकीत ते न बोलावता येतात.

येथे कायद्यातली एक सोय सांगतो, जिचा उपयोग रहिवासी फारच कमी करतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ आणि ११५ खालचे वेगाचे किंवा वाहनबंदीचे निर्बंध एक महिन्यापेक्षा अधिक काळासाठी नसतील, तर राजपत्रातल्या अधिसूचनेची गरज नसते. वर्तमानपत्रात आपण 'प्रायोगिक तत्त्वावर वाहतुकीत बदल' असे वाचतो, ते प्रयोग आपल्या गल्लीतही करता येतात. बैठकीत कायमच्या निर्णयावर हट्ट धरू नका. महिनाभराचा प्रयोग, त्याआधीचे आणि त्या काळातले वेगाचे आकडे, आणि महिना संपल्यावर त्याच जागी पुन्हा बैठक, एवढे मागा. कायमच्या गोष्टीला 'हो' म्हणताना अधिकाऱ्याचा हात थरथरतो. महिन्याभराच्या गोष्टीला तो सही करतो. विरोधकांनाही 'आवडले नाही तर निघेल' हे शब्द ऐकायचे असतात. अट एकच: ते खरोखर निघाले पाहिजे.

लोकांना पुरेसे पटण्याआधी सगळीकडे एकदम केलेल्या वेगनियंत्रणाचे काय होते, याचे अलीकडचे मोठे उदाहरण वेल्सचे आहे. तेथे १७ सप्टेंबर २०२३ पासून वस्तीतल्या रस्त्यांची सर्वसाधारण मर्यादा ताशी २० मैलांवर, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटरवर आणली गेली. काही दिवसांतच तिच्याविरुद्धच्या याचिकेवर सह्यांचा पाऊस पडला आणि तो आकडा साडेचार लाखांच्या पुढे गेला. २०२४ मध्ये सरकारने धोरण ठेवले, पण कोणते रस्ते त्यातून वगळावेत याची मार्गदर्शिका स्थानिक परिषदांसाठी सुधारून दिली. उलट, नेदरलँड्समधल्या डेल्फ्टमध्ये १९६० च्या दशकाच्या अखेरीस वस्तीतल्या एकेका रस्त्याला अंगणाचे रूप देण्यापासून सुरुवात झाली, लोकांनी ते पाहिले, वापरले, आणि १९७६ मध्ये त्याला कायद्याचे स्थान मिळाले. तिकडचे रस्ते आणि आपले रस्ते यांत साम्य फारसे नाही. घेण्यासारखा आहे तो क्रम.

आता बैठकीविषयी. क्षेत्रीय कार्यालय म्हणते पोलिसांचा अभिप्राय आणा, पोलीस म्हणतात महापालिकेने प्रस्ताव पाठवावा, आणि पथ विभाग म्हणतो हा रस्ता आमच्याकडे नाही, क्षेत्रीय कार्यालयाकडे आहे. हा फेरा तोडण्याचा मला माहीत असलेला एकच मार्ग म्हणजे संयुक्त स्थळपाहणी. लेखी पत्राने महापालिकेचा अभियंता आणि वाहतूक विभागाचा अधिकारी या दोघांना एकाच वेळी रस्त्यावर बोलवा. पाहणी नेहमी सकाळी साडेअकराला ठेवली जाते, कारण ती कार्यालयाच्या सोयीची वेळ आहे, आणि त्या वेळी आपल्या रस्त्यावर एक कुत्रे आणि भाजीची गाडी यांखेरीज काही नसते. शाळा सुटण्याची वेळ ठरवून मागा. पाहणीनंतर तेथेच इतिवृत्ताचा मसुदा लिहा आणि उपस्थितांच्या सह्या घ्या. दोन आठवड्यांनी कार्यालयाकडून येणाऱ्या इतिवृत्तात आपण बोललेले निम्मे सापडत नाही. माननीयांना, म्हणजे लोकप्रतिनिधींना, अवश्य बोलवा, पण आकडे त्यांच्या आधी अभियंत्याला द्या. वरून आदेश आला की काम घाईने होते, आणि घाईने झालेल्या कामाची कथा मी वर सांगितलीच आहे.

त्या पाहणीला आणखी काही जणांना आणा, ज्यांना कोणी बोलावत नाही: शाळेच्या व्हॅनचे काका, घंटागाडीचा चालक, कोपऱ्यावरच्या रिक्षा थांब्यातले एखादे गृहस्थ. गाडी कोठे अडते आणि कोठे सुसाट सुटते हे त्यांना नकाशाशिवाय माहीत असते. एका ठिकाणी घंटागाडीवाल्याने दाखवून दिले होते की आम्ही आखलेल्या ओलांडणीच्या उतारावर त्याची मागची फळी घासेल. तो उतार आम्ही कागदावर असतानाच बदलला.

रुग्णवाहिकेचा आक्षेप येईल. तो खोटा नाही. प्रत्येक उंचवट्याला काही सेकंद जातात आणि आत झोपलेल्या रुग्णाला हादरा बसतो. म्हणूनच रुग्णालयाकडे जाणाऱ्या किंवा बसच्या मार्गावर उंचवटे टाळून कोपरे आणि अरुंदीकरण वापरायचे. आपला रस्ता तसा मार्ग नसेल तर तीन उंच पट्ट्यांनी जाणारा वेळ, आज दुतर्फा आणि वाकडे-तिकडे उभे असलेले पार्किंग खाते त्या वेळापेक्षा कमी असेल.

पावसाच्या पाण्याचा मुद्दा त्याहून अवघड आहे. पाणी जावे म्हणून उंच पट्टा कडेला अर्धा-पाऊण मीटर मोकळा सोडला, की प्रत्येक दुचाकी त्या फटीतून जाते, म्हणजे नेमकी पायी चालणाऱ्याच्या अंगावरून. आणि फट सोडली नाही, तर जुलैमध्ये पट्ट्यामागे तळे साचते. यावर उपाय आहे: पट्टा पदपथापर्यंत पूर्ण न्यायचा आणि त्याच्या चढणीच्या बाजूला जाळीचे चेंबर देऊन पाणी पावसाळी वाहिनीत सोडायचे, किंवा पट्ट्याखालून बंद नाली काढायची. अंदाजपत्रकात हे चेंबर धरले आहे का, हे स्वतः पाहा. बहुतेक वेळा ते धरलेले नसते आणि मग कंत्राटदार फट सोडून मोकळा होतो. निधीसाठी नागरिकांच्या सूचनांमधून होणाऱ्या अंदाजपत्रकाचा मार्ग पुण्यात २००६ पासून उपलब्ध आहे. त्यात 'गतिरोधक करणे' असे न लिहिता 'शाळेसमोर उंचावलेली पादचारी ओलांडणी, पाण्याच्या निचऱ्यासह' असे लिहा, म्हणजे काय बांधायचे हे शब्दांतच बांधले जाईल.

पत्रात देखभालीचे एक वाक्य हवेच. पट्ट्यांचा रंग एका पावसाळ्यात जातो, आणि रंग नसलेला उंचवटा रात्री दुचाकीस्वारासाठी खड्ड्याइतकाच धोकादायक असतो. पुढे रस्त्यावर पुन्हा डांबराचा थर पडतो तेव्हा एक तर उंचवटा थराखाली गडप होतो किंवा त्यावरही थर चढून तो १५ सेंटिमीटरचा होतो. तेव्हा दर वर्षी ऑक्टोबरमध्ये रंग आणि पुनर्डांबरीकरणानंतर उंचीची फेरमोजणी, ही जबाबदारी कोणत्या विभागाची, ते नावानिशी नाही तरी पदनामानिशी लिहून घ्या.

आपल्या रस्त्यापुरते माझे मत विचाराल, तर मुख्य रस्त्याकडचा कोपरा आवळावा, शाळेसमोर एक उंचावलेली ओलांडणी, मध्यावर मापाचा एक गतिरोधक, पार्किंगची अदलाबदल आणि दोन्ही टोकांना ३० चे फलक, एवढ्यावर सुरुवात करावी. पाच गतिरोधकांची मागणी मागे घेत असल्याचे पत्राच्या पहिल्याच परिच्छेदात लिहा. ज्येष्ठ मंडळी सही करतील. पण हे सगळे मोजमापाच्या अधीन आहे. चारचाकींच्या ८५ व्या शतमकाचा वेग आजच ३० च्या आत निघाला, तर आपला आजार वेगाचा नाही, वर्दळीचा आहे, आणि मग वरच्या यादीतला मधला गतिरोधक मीही खोडेन आणि वळणबंदीच्या प्रयोगासाठी आधी पोलिसांकडे जायला सांगेन. मोजणी शाळेला सुट्टी नसलेल्या आठवड्यात, मंगळवार ते गुरुवार करा. सोमवार आणि शनिवार वेगळे असतात. १०० नोंदी हातात आल्या की त्यांच्या कोष्टकासह पुन्हा लिहा, म्हणजे ओलांडणी शाळेच्या फाटकाच्या कोणत्या बाजूला घ्यायची ते नकाशावर सांगता येईल.